पीएचडीनंतरची दोन वर्षे : अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानातील डॉक्टरेटोत्तर संशोधनाच्या संधी

पीएचडीची पदवी हाती पडली, की संशोधकाच्या घरी आणि मनात एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. दोन-तीन वर्षे दुसऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे आणि मग स्थिर पदाचा शोध घ्यायचा, ही तेथील रूढ वाट आहे. अभियांत्रिकीत मात्र बराच काळ तसे नव्हते. यंत्र, स्थापत्य किंवा विद्युत अभियांत्रिकीत पीएचडी झालेल्या उमेदवाराला महाविद्यालयात किंवा उद्योगात थेट नोकरी मिळत असे. आता हे चित्र पालटले आहे. नामांकित संस्थांतील अध्यापकपदासाठी स्पर्धा वाढली असून डॉक्टरेटोत्तर संशोधन, म्हणजेच 'पोस्ट-डॉक', हा अभियंत्यांच्याही वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरू लागला आहे.

या संधी कोठे आहेत, त्यासाठी कोण पात्र ठरते, किती मानधन मिळते आणि कोणत्या चुकांमुळे संधी हुकते, याचा हा आढावा.

पोस्ट-डॉक म्हणजे नेमके काय?

पीएचडी ही मार्गदर्शकाच्या छायेत मिळवलेली पदवी असते. विषय बहुधा मार्गदर्शकाचा, उपकरणे त्यांची, निधीही त्यांचाच. पोस्ट-डॉक हा त्या छायेतून बाहेर पडून स्वतंत्र संशोधक होण्यापूर्वीचा काळ आहे. ही पदवी नव्हे आणि कायम नोकरीही नव्हे. ठरावीक मुदतीची, बहुधा दोन वर्षांची, ही नेमणूक असते. या काळात संशोधक नवे तंत्र शिकतो, स्वतःच्या नावावर काम उभे करतो आणि पुढील पदासाठी लागणारी पात्रता मिळवतो.

ही पद्धत रुजली ती अमेरिकेत. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून १९१९ साली भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासाठी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९५८ साली 'सायंटिस्ट्स पूल' ही योजना आणली. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या शास्त्रज्ञांना व तंत्रज्ञांना कायम पद मिळेपर्यंत तात्पुरता आधार देणे, हा तिचा हेतू होता. शिकलेला माणूस परत आला आणि त्याच्यासाठी जागाच नसली तर काय, ही चिंता तेव्हाही होती. ती आजही संपलेली नाही.

अभियंत्यांना त्याची गरज का?

पहिले कारण नोकरीच्या नियमांत आहे. आयआयटीमध्ये सहायक प्राध्यापकाच्या प्रथम श्रेणीच्या पदासाठी पीएचडीबरोबर किमान तीन वर्षांचा अध्यापन, संशोधन किंवा उद्योगातील अनुभव मागितला जातो. पीएचडी करताना घालवलेला काळ त्यात धरला जात नाही. अनुभव त्याहून कमी असेल तर द्वितीय श्रेणीच्या कंत्राटी पदाचा मार्ग उरतो. म्हणजे पीएचडी आणि प्राध्यापकपद यांच्यामध्ये तीन वर्षांची दरी नियमानेच निर्माण केली आहे. ती भरून काढण्याचा सरळ मार्ग पोस्ट-डॉक हाच आहे. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकपदासाठी एम.टेक. पुरेसे असते, त्यामुळे तेथे पोस्ट-डॉकचा फारसा आग्रह नसतो. आपल्याला नेमके कोठे पोहोचायचे आहे, याचा विचार म्हणूनच प्रथम करावा लागतो.

दुसरे कारण संशोधनाच्या स्वरूपात आहे. आजचे अभियांत्रिकीतील प्रश्न एका शाखेत मावत नाहीत. विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या बॅटरीसाठी रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, उष्णताशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स या चारही शाखांची जाण लागते. पीएचडीत माणूस एका खिडकीतून पाहायला शिकतो. दुसरी खिडकी उघडण्याची संधी पोस्ट-डॉकमध्ये मिळते.

अरुमुगम मंथिरम यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तमिळनाडूतून आलेल्या मंथिरम यांनी आयआयटी मद्रासमधून रसायनशास्त्रात पीएचडी केली. पुढे ते ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याकडे डॉक्टरेटोत्तर संशोधनासाठी गेले आणि १९८६ साली त्यांच्याबरोबरच अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दाखल झाले. लिथियम बॅटरीच्या धन अग्रासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांवर या दोघांनी मोलाचे काम केले. मंथिरम पुढे त्याच विद्यापीठात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. गुडइनफ यांना वयाच्या ९७व्या वर्षी, २०१९ साली, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा स्टॉकहोम येथे त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान मंथिरम यांनी दिले. रसायनशास्त्राचा पदवीधर अभियांत्रिकीत स्थिरावला, त्याची सुरुवात पोस्ट-डॉकच्या काळात झाली होती.

देशातील प्रमुख योजना

भारतात पोस्ट-डॉककडे जाण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत : राष्ट्रीय स्पर्धेतून मिळणारी वैयक्तिक अधिछात्रवृत्ती, संस्थेची स्वतःची अधिछात्रवृत्ती आणि एखाद्या प्रकल्पातील रिसर्च असोसिएटचे पद.

पहिल्या प्रकारातील सर्वांत परिचित योजना म्हणजे नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, संक्षेपाने एन-पीडीएफ. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने (एसईआरबी) ती २०१५ साली सुरू केली. पुढे २०२३ च्या कायद्यान्वये 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. हा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ रोजी अमलात आला आणि मंडळ या नव्या संस्थेत विलीन झाले. तेव्हापासून एन-पीडीएफचे काम ही संस्था पाहते.

या योजनेची मुदत दोन वर्षांची असते. उमेदवाराने स्वतःचा संशोधन प्रस्ताव तयार करायचा, त्यासाठी योग्य मार्गदर्शक व यजमान संस्था शोधायची आणि त्यांच्या संमतीने अर्ज करायचा, अशी तिची रचना आहे. वयोमर्यादा ३५ वर्षे असून महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत मिळते. प्रबंध सादर केला आहे, पण पदवी अद्याप मिळालेली नाही, अशा उमेदवारांनाही अर्ज करता येतो. मात्र पदवी मिळेपर्यंत त्यांना कमी रक्कम दिली जाते. योजना सुरू झाली तेव्हा मासिक ५५,००० रुपये आणि संशोधनाच्या खर्चासाठी वर्षाला दोन लाख रुपये अशी तरतूद होती. त्यानंतर अधिछात्रवृत्तीच्या रकमेत वाढ झाली आहे. ज्या वर्षी अर्ज करायचा, त्या वर्षीच्या जाहिरातीतील आकडाच प्रमाण मानावा. ही अधिछात्रवृत्ती संपूर्ण कारकिर्दीत एकदाच घेता येते, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर फॅकल्टी' अधिछात्रवृत्ती याच्या पुढची पायरी म्हणता येईल. तिची मुदत पाच वर्षे आहे. मासिक १,२५,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला सात लाख रुपये अशी तिची रचना असून सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षांची, म्हणजे बरीच कडक, आहे. ही योजना मिळवणारा संशोधक कोणाच्या हाताखाली नव्हे, तर स्वतंत्रपणे काम करतो. मात्र पाच वर्षांनंतर यजमान संस्थेत कायम पद मिळेलच, अशी हमी तीही देत नाही.

परदेशात काम करणाऱ्या भारतीय संशोधकांना मायदेशी आणण्यासाठी रामानुजन फेलोशिप आहे. चाळीस वर्षांच्या आतील संशोधकांसाठी असलेल्या या पाच वर्षांच्या योजनेत मासिक १,३५,००० रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान देण्यात येते. जैवतंत्रज्ञान व जैवअभियांत्रिकीच्या क्षेत्रात जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप असेच काम करते.

कौटुंबिक कारणांनी संशोधनात खंड पडलेल्या महिलांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण' कार्यक्रमात वेगळी तरतूद आहे. मूलभूत व उपयोजित विज्ञानात डॉक्टरेटोत्तर काम करू इच्छिणाऱ्या महिलांसाठी 'वाइज-पीडीएफ' ही योजना त्यात आहे. पस्तिशीच्या मर्यादेमुळे इतरत्र दार बंद झालेल्या अनेकींना येथे पुन्हा प्रवेश मिळू शकतो.

प्रकल्पातील पद : जवळची वाट

राष्ट्रीय स्पर्धेची वाट पाहण्याऐवजी चालू प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून रुजू होणे, हा अनेकांनी पत्करलेला मार्ग आहे. प्राध्यापकाला किंवा शास्त्रज्ञाला एखाद्या मंत्रालयाकडून प्रकल्प मंजूर झाला, की त्यात अशी पदे असतात. त्यांची जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर येते आणि निवड बहुधा थेट मुलाखतीतून होते.

या पदांचे मानधन केंद्र सरकार ठरवते. जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार रिसर्च असोसिएटच्या तीन श्रेणींना अनुक्रमे ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये मासिक मानधन निश्चित करण्यात आले. यावर शहराच्या वर्गानुसार घरभाडे भत्ता मिळतो. त्याआधी २०१९ सालापासून हेच आकडे ४७,०००, ४९,००० आणि ५४,००० रुपये होते. प्रत्येक वाढीआधी देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांना निवेदने द्यावी लागली, मोर्चे काढावे लागले, हा इतिहास आहे.

अभियंत्यांच्या दृष्टीने या नियमांत एक महत्त्वाची सोय आहे. रिसर्च असोसिएटच्या पदासाठी पीएचडी नसली, तरी एम.ई. किंवा एम.टेक. नंतर संशोधन, अध्यापन किंवा आरेखन व विकासाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मान्यताप्राप्त नियतकालिकात किमान एक शोधनिबंध असल्यास उमेदवार पात्र ठरू शकतो. उद्योगातून संशोधनाकडे वळू पाहणाऱ्यांनी ही तरतूद आवर्जून लक्षात ठेवावी.

प्रकल्प कोठे निघत आहेत, हे पाहिले म्हणजे पदे कोठे निर्माण होतील याचा अंदाज बांधता येतो. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टर कार्यक्रम मंजूर झाला. जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मिशनला, तर एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मान्यता मिळाली. क्वांटम मिशनची चार प्रमुख केंद्रे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मद्रास, मुंबई व दिल्ली येथील आयआयटींकडे सोपवण्यात आली आहेत. त्याआधी २०१८ साली सुरू झालेल्या सायबर-फिजिकल प्रणालींच्या राष्ट्रीय मिशनमधून देशभर २५ तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. यांतील सर्व पैसा संशोधनासाठी नाही. सेमीकंडक्टर कार्यक्रमाचा मोठा भाग कारखान्यांच्या उभारणीसाठी आहे. तरीही चिपची रचना, ऊर्जा साठवण, संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या क्षेत्रांत प्रशिक्षित मनुष्यबळाची मागणी वाढण्यामागे ही मिशने आहेत.

प्रयोगशाळा कोठे आहेत?

मोठ्या संस्था महानगरांतच आहेत, हा समज पूर्णपणे खरा नाही. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा देशभर विखुरलेल्या आहेत. पॉलिमर व रासायनिक अभियांत्रिकीसाठी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विद्युत-रसायनशास्त्र व बॅटरीसाठी तमिळनाडूतील कारैकुडी येथील संस्था, धातुविज्ञानासाठी जमशेदपूर, चर्मतंत्रज्ञानासाठी चेन्नई, क्षार व समुद्री रसायनांसाठी भावनगर, विमानविद्येसाठी बंगळुरू, पर्यावरण अभियांत्रिकीसाठी नागपूरची 'नीरी' आणि समुद्रविज्ञानासाठी गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, ही काही ठळक नावे. अणुऊर्जा विभागाच्या तुर्भे व कल्पाक्कम येथील केंद्रांत डॉ. के. एस. कृष्णन यांच्या नावाने रिसर्च असोसिएटशिप देण्यात येते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या प्रयोगशाळाही अशा पदांसाठी वेळोवेळी जाहिराती देतात. पुण्यात या संघटनेच्या अनेक प्रयोगशाळा आहेत.

याशिवाय मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था आपल्या निधीतूनही पोस्ट-डॉक नेमतात. अशा पदांसाठी काही संस्था वर्षभर अर्ज स्वीकारतात आणि निवडीचा अधिकार बराचसा विभागाकडे असतो. त्यामुळे संबंधित विभागातील प्राध्यापकांशी आधी संपर्क साधणे हितावह ठरते.

परदेशातील संधी

परदेशी जाण्याचा विचार करणाऱ्यांनी प्रथम एक फरक समजून घ्यावा. काही अधिछात्रवृत्त्या संशोधकाला दिल्या जातात. काही पदांचे पैसे प्राध्यापकाच्या अनुदानातून येतात. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या डॉक्टरेटोत्तर अधिछात्रवृत्त्या तेथील नागरिकांसाठी किंवा कायम रहिवाशांसाठीच असतात. त्यामुळे भारतीय संशोधक तेथे बहुतांशी दुसऱ्या प्रकारच्या पदावर जातात. प्राध्यापकाचे अनुदान थांबले, तर पदही थांबते. २०२५ साली अमेरिकेतील संघराज्य सरकारने संशोधन अनुदानांत केलेल्या कपातीची झळ म्हणूनच पोस्ट-डॉक संशोधकांना मोठ्या प्रमाणात बसली.

अमेरिकेतील पोस्ट-डॉक बहुधा जे-१ या व्हिसावर जातात. या व्हिसाच्या काही धारकांना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ज्या देशांना त्यांच्या नागरिकांच्या कौशल्यांची गरज आहे, अशा देशांच्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचे नाव वगळण्यात आले. त्यामुळे केवळ त्या यादीमुळे ही अट लागू होणाऱ्या भारतीयांची सुटका झाली. मात्र फुलब्राइटसारख्या सरकारी निधीवर गेलेल्यांना ही अट आहेच. फुलब्राइट-नेहरू पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ही पीएचडीनंतर चार वर्षांच्या आतील संशोधकांसाठी आखलेली योजना आहे. दुसरीकडे, १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. पोस्ट-डॉकनंतर तेथेच नोकरी करण्याचा बेत असलेल्यांना याचा हिशेब मांडावा लागतो.

युरोपातील सर्वांत मोठी योजना मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी यांच्या नावाची आहे. तिच्या युरोपीय अधिछात्रवृत्तीसाठी कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो. पीएचडीनंतर आठ वर्षांपर्यंतचा संशोधन अनुभव आणि ज्या देशात जायचे तेथे अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा अधिक वास्तव्य नसणे, या तिच्या मुख्य अटी आहेत. वयाची अट नाही; पस्तिशी उलटलेल्या भारतीय संशोधकाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. मात्र स्पर्धा तीव्र आहे. २०२४ साली या योजनेसाठी १०,३६० अर्ज आले होते. २०२५ साली ती संख्या १७,०५८ वर पोहोचली.

जर्मनीची अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट प्रतिष्ठानची अधिछात्रवृत्ती विषयवार किंवा देशवार कोटा ठेवत नाही. निवड उमेदवाराच्या गुणवत्तेवर आणि प्रस्तावावर होते. जपानच्या जेएसपीएस या संस्थेची प्रमाण अधिछात्रवृत्ती पीएचडीनंतर सहा वर्षांच्या आतील संशोधकांसाठी असून १२ ते २४ महिन्यांची असते. तेथे अर्ज उमेदवार नव्हे, तर जपानमधील यजमान प्राध्यापक सादर करतात. यजमानाशी आधी ओळख व पत्रव्यवहार नसेल, तर ही दारे उघडतच नाहीत.

वयाचे गणित

या सर्व योजनांत भारतीय अभियंत्याला सर्वाधिक अडचण येते ती वयाची. साधे गणित मांडून पाहावे. बाविसाव्या वर्षी बी.ई., चोविसाव्या वर्षी एम.टेक., त्यानंतर घरच्या गरजेपोटी तीन-चार वर्षे नोकरी आणि मग पाच वर्षांची पीएचडी. प्रबंध सादर होतो तेव्हा वय ३२-३३ झालेले असते. 'इन्स्पायर'चे दार तोपर्यंत बंद झालेले असते आणि एन-पीडीएफसाठी जेमतेम दोन वर्षे उरतात. प्रबंधाच्या परीक्षणाला विद्यापीठात वर्ष लागले, तर तीही हातची जातात.

म्हणजे ज्या अभियंत्याने उद्योगात प्रत्यक्ष काम केले, कारखान्यातील अडचणी पाहिल्या आणि मग संशोधनाकडे वळला, त्याच्यासाठीच मार्ग अधिक अरुंद होतो. उपयोजित विज्ञानाला नेमक्या अशाच माणसांची गरज असते, हा यातील विरोधाभास आहे. अशा उमेदवारांनी पदवी मिळण्याची वाट न पाहता प्रबंध सादर होताच अर्ज करणे आणि वयाची अट नसलेल्या किंवा पीएचडीच्या तारखेपासून वर्षे मोजणाऱ्या योजनांचा विचार करणे, हाच त्यावरचा उपाय आहे.

अर्ज करताना

पोस्ट-डॉकचा शोध प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान वर्षभर आधी सुरू करावा. बहुतेक योजनांची जाहिरात वर्षातून एकदाच येते आणि अर्ज ते निकाल यांत अनेक महिने जातात.

पहिले पाऊल म्हणजे यजमानाची निवड. त्या प्राध्यापकाचे गेल्या दोन-तीन वर्षांतील शोधनिबंध वाचून, त्यातील कोणत्या प्रश्नावर आपण काय करू शकतो हे मांडणारे छोटे पत्र पाठवावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवण्याची पद्धत निष्फळ ठरते. ते पत्र कोणाचेच नसते. पीएचडी झालेल्या संस्थेतच पुढे राहण्याचा मोह टाळलेला बरा. निवड समित्या उमेदवाराचे स्वतंत्र काम शोधत असतात आणि जुन्याच मार्गदर्शकाकडे केलेल्या कामातून ते दिसत नाही.

प्रस्तावात प्रश्न एकच असावा आणि तो दोन वर्षांत सुटण्याजोगा असावा. कोणते उपकरण लागेल, ते यजमान संस्थेत आहे काय, नसल्यास कोठे वापरायला मिळेल, याचा स्पष्ट उल्लेख असावा. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्था येथील सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही कार्यक्रमांतर्गत वापरता येतात, हे अनेकांना ठाऊक नसते.

कागदपत्रांकडेही दुर्लक्ष होऊ नये. यजमान संस्थेचे संमतिपत्र, जन्मतारखेचा पुरावा, प्रबंध सादर केल्याचे प्रमाणपत्र, सवलत घ्यायची असल्यास केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीचा दाखला, ही कागदपत्रे वेळेत मिळवावी लागतात. संस्थाप्रमुखाची सही मिळण्यास आठवडा लागू शकतो आणि अंतिम तारीख कोणासाठी थांबत नाही.

धोकेही जाणून घ्यावेत

पोस्ट-डॉक हा कर्मचारी मानला जात नाही. निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी सहसा नसतो. अधिछात्रवृत्तीचे हप्ते दर महिन्याला वेळेवर मिळतीलच असे नाही. निधी वर्ग होण्यास उशीर झाल्याच्या तक्रारी देशभरातील संशोधक सातत्याने करत आले आहेत. अशा वेळी भाडे आणि घरखर्च भागवण्यासाठी काही महिन्यांची शिल्लक गाठीशी असणे गरजेचे ठरते. रुजू होण्यापूर्वी संस्थेत वसतिगृह किंवा निवासस्थान मिळेल काय, वैद्यकीय सुविधा आहे काय आणि हप्त्यास उशीर झाल्यास संस्था आगाऊ रक्कम देते काय, हे तीन प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये.

दुसरा धोका एकामागून एक पोस्ट-डॉक करत राहण्याचा. दोन वर्षांची चार होतात, चारांची सहा, आणि अनुभव वाढत असताना पात्रतेची वयोमर्यादा मात्र निघून जाते. म्हणून पहिल्या वर्षाच्या अखेरीसच पुढील पदासाठी अर्ज सुरू करावेत, असे जाणकार सांगतात. प्राध्यापकपद हाच एक शेवट नसतो. उद्योगांची संशोधन केंद्रे, पेटंट क्षेत्र, स्वतःचा उद्योग, शासकीय प्रयोगशाळा, असे मार्गही याच टप्प्यातून निघतात. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मान्यता दिली. तो प्रत्यक्षात कसा वापरला जातो, यावर उद्योगातील संशोधकांच्या जागा बऱ्याच अंशी अवलंबून राहतील. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच असल्याचे २०२०-२१ सालची आकडेवारी सांगते. जागा कमी आणि उमेदवार अधिक, या स्थितीचे मूळ तेथे आहे.

परतीची वाट

डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून १९६९ साली पीएचडी केली आणि ते इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात गेले. १९७६ साली ते परतले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे त्यांनी या प्रयोगशाळेचे आणि नंतर १९९५ पासून सीएसआयआरचे नेतृत्व केले. परदेशात मिळवलेला अनुभव मायदेशातील प्रयोगशाळेत कसा फळाला येतो, याचे हे मराठी वाचकांच्या परिचयाचे उदाहरण.

परंतु प्रत्येकाची वाट इतकी सरळ नसते. वेंकटरमण रामकृष्णन यांनी १९७६ साली भौतिकशास्त्रात पीएचडी केली, नंतर जीवशास्त्राकडे वळून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि येल विद्यापीठात पोस्ट-डॉक म्हणून रायबोसोमवर काम करू लागले. ते काम संपल्यावर त्यांनी अमेरिकेतील सुमारे पन्नास विद्यापीठांत अध्यापकपदासाठी अर्ज केले. एकाही ठिकाणी पद मिळाले नाही. त्यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि तोच विषय पुढे चालू ठेवला. त्याच रायबोसोमवरील संशोधनासाठी २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पन्नास नकार पचवणाऱ्या प्रत्येकाला नोबेल मिळत नाही, हे खरे. पण पोस्ट-डॉकच्या दोन वर्षांत निवडलेला प्रश्न पुढील तीस वर्षे सोबत करू शकतो, हेही तितकेच खरे आहे. योजना कोणती, रक्कम किती आणि शहर कोणते, यांचा विचार करताना हा प्रश्न आधी निश्चित केला, तर बाकीचे निर्णय सोपे होतात.